मधला माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कशी कळली, ही हकीकत मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. जानेवारी १७६१. पेशवे उत्तरेकडे निघालेले, भाऊंच्या फौजेची काही खबर नाही, आणि अशा वेळी एक चिठ्ठी हाती पडते. दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याची तर मोजदादच होत नाही, अशा अर्थाची. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे कोणी उलगडून सांगावे लागले नाही.

या चिठ्ठीवर आजवर पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. एक साधा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. ती चिठ्ठी होती कोणाची? पेशव्यांच्या नावची ती नव्हती. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात सांगितले आहे, की ती सावकारांची होती. पानिपताहून औरंगाबादला नऊ दिवसांत पोहोचण्याच्या बोलीवर त्यांनी एक कासीद धाडला होता. तो वाटेत अडवला गेला आणि त्याच्याजवळचे पत्र फोडून वाचण्यात आले. म्हणजे आपल्या इतिहासातली ही सर्वांत प्रसिद्ध चिठ्ठी दुसऱ्याचे पत्र फोडल्यामुळे आपल्यापर्यंत आलेली आहे. पत्र वाटेत कोणीतरी वाचील, ही धास्ती सावकारालाही होतीच. म्हणून तर त्याने मोत्यांची आणि मोहरांची भाषा वापरली. ती भाषा त्या दिवशी कोणालाही कळली असती, हा भाग वेगळा.

आज मला बोलायचे आहे ते या वाटेतल्या माणसाबद्दल. निरोप पाठवायचा म्हटला की तो कोणाच्या तरी हाती सोपवावा लागतो. कासीद, जासूद, पोस्टमन, तारमास्तर, टेलिफोन ऑपरेटर आणि आता मोबाइल कंपनी. साधन जितके सोयीचे होत जाते, तितका हा मधला माणूस आपल्या नजरेआड जातो. आणि एकदा तो दिसेनासा झाला, की तो आहे हेच आपण विसरतो.

आपल्या जुन्या मंडळींना त्याची पक्की जाणीव होती. मोडीतले एखादे शिवकालीन पत्र पाहावे. मजकूर संपला की शेवटी छोटा शिक्का असतो, त्याला मोर्तब म्हणतात. त्यावरची ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. त्याचे व्यवहारातले काम अगदी रोखठोक होते : मजकुराची हद्द इथे संपली, याखाली कोणी एक ओळ वाढवली तर ती खोटी. पत्र लांबलचक असेल तर कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत. मग मधला बंद काढून दुसरा घुसवता येऊ नये म्हणून मागच्या बाजूला जोडावर शिक्का मारीत. शिक्क्याचा अर्धा भाग एका कागदावर, अर्धा दुसऱ्यावर.

सावकारी पेढ्यांची हुंडी तर याहून हुशार. तिच्यात रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत, आणि शिवाय तिची निमपट सांगून त्याची दुप्पट असेही लिहीत. शंभराची हुंडी असेल तर निमे पन्नास, त्याचे दुप्पट शंभर. एखाद्या लबाडाने शंभराचे हजार करायचे ठरवले तर त्याला एक शून्य वाढवून भागत नसे, तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागे. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या, पेढीला माहीत असलेल्या माणसालाच मिळत. कागद घेऊन कोणीही अनोळखी इसम दारात उभा राहिला म्हणून मुनीम तिजोरी उघडत नसे. हुंडी हरवली तर ‘पेठ’, तीही हरवली तर ‘परपेठ’, अशी दुसरी-तिसरी प्रत देण्याची सोय असे. माझ्या मते बँकांच्या ‘खातेदाराची ओळख पटवा’ या आजच्या पाट्यांमध्ये शाहजोग हुंडीपेक्षा नवे असे फारसे काही नाही.

या सगळ्या खबरदाऱ्या माणसाच्या पायाच्या किंवा घोड्याच्या वेगाला पुरेशा होत्या. निरोप यंत्रावरून जायला लागला तेव्हा काय झाले, हे पाहायला थोडे फ्रान्सला जावे लागेल, कारण देशभर पसरलेली अशी पहिली व्यवस्था तिथे उभी राहिली. विजेची तार निघायच्या कितीतरी आधी, १७९० नंतरच्या दशकात, क्लोद शाप याने टेकड्यांवर आणि चर्चच्या मनोऱ्यांवर लाकडी हात बसवले. एका मनोऱ्यावरचा माणूस ते हात विशिष्ट कोनांत हलवी, पुढच्या मनोऱ्यावरचा दुर्बिणीतून पाहून तसेच हलवी. खुणांचा अर्थ त्या बिचाऱ्यांना ठाऊक नसे. तो फक्त मोठ्या ठाण्यांवरच्या अधिकाऱ्यांकडे असलेल्या संकेतकोशात. ही व्यवस्था केवळ सरकारी निरोपांसाठी होती, सामान्यांना तिचा वापर नव्हता.

बोर्दो शहरात फ्रान्स्वा आणि जोसेफ ब्लाँ हे दोघे भाऊ सरकारी रोख्यांचा सट्टा करीत. रोख्यांचे भाव ठरत पॅरिसच्या बाजारात, आणि ते बोर्दोला टपालगाडीने पोहोचायला काही दिवस लागत. ज्याला भाव आधी कळेल तो मालामाल. या भावांनी १८३४ मध्ये वाटेवरच्या टूर या ठाण्यावरच्या तारमास्तराला पैसे चारले. पॅरिसहून भावाची खूण टूरला पोहोचली की हा मास्तर सरकारी निरोपात मुद्दाम एक चुकीची खूण घाली, आणि लगेच ‘मागची खूण चुकली’ असे सांगणारी खूण देई. पुढचे सगळे मनोरे ती चूक आणि तिची दुरुस्ती इमानेइतबारे पुढे पाठवीत. बोर्दोच्या सरकारी कचेरीत दुरुस्ती पाहून चूक काढून टाकली जाई. पण तोवर शेवटच्या मनोऱ्याकडे पाहत बसलेल्या ब्लाँच्या माणसाला हवे ते कळलेले असे. टूरच का, तर निरोप तपासून चुका काढण्याचे काम वाटेत टूरलाच होई. तिथून पुढे घातलेली चूक थेट बोर्दोपर्यंत सुखरूप जाणार!

हा उद्योग दोन वर्षे चालला. टूरचा मास्तर आजारी पडला आणि आपली जागा चालवील या आशेने त्याने हे गुपित एका मित्राला सांगितले, तेव्हा तो उघडकीला आला. १८३७ मध्ये खटला झाला. गंमत म्हणजे सरकारी तारेतून खासगी खूण पाठवू नये असा कायदाच नव्हता, त्यामुळे ब्लाँ बंधू जवळपास सहीसलामत सुटले. यातल्या फ्रान्स्वाने पुढे मॉन्टे कार्लोचा जुगारखाना नावारूपाला आणला.

संगणकाच्या जाळ्यात घुसखोरी करणाऱ्यांचा इतिहास लिहिणारे आता या ब्लाँ बंधूंपासून सुरुवात करतात, ते मला योग्य वाटते. त्यांनी कुठला मनोरा फोडला नाही, कुठला संकेतकोश चोरला नाही. त्यांनी एक माणूस विकत घेतला. आणि आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. फ्रेंच सरकारने त्याच वर्षी घाईने कायदा केला खरा, पण त्याने राखली ती निरोप पाठवण्याची सरकारची मक्तेदारी. सामान्य माणसाच्या निरोपाचे रक्षण हा त्यात विषयच नव्हता. योगायोग असा, की त्याच १८३७ साली ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात टपाल कायदा करून पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार आपल्याकडे घेतला. कासीद आता सावकाराचा राहिला नाही, सरकारचा झाला.

पुढचा प्रवास भरभर झाला. १ ऑक्टोबर १८५४ पासून अर्ध्या आण्याच्या तिकिटात पत्र देशभर जाऊ लागले. १८५५ मध्ये तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. दोनच वर्षांनी, मे १८५७ मध्ये, दिल्लीच्या तारकचेरीतून अंबाल्याकडे गेलेल्या निरोपांनी इंग्रजांना वेळीच सावध केले आणि तार ही काय चीज आहे हे राज्यकर्त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले. १८८५ च्या तार कायद्यात याची सावली दिसते. एका हाताने त्याने तारमास्तराला दम भरला : निरोप फोडशील, दुसऱ्याला सांगशील, तर तीन वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्या हाताने, पाचव्या कलमात, सरकारला मुभा दिली : ‘सार्वजनिक आणीबाणी’ उद्भवल्यास किंवा ‘सार्वजनिक सुरक्षिततेसाठी’ कोणाचाही निरोप अडवता आणि उघड करता येईल. ही आणीबाणी कोणती, याचा खुलासा नाही. १८९८ च्या टपाल कायद्यात पत्रांसाठीही तशीच तरतूद आली.

सामान्य माणसाला या कलमांची काय कल्पना असणार? त्याचा मधला माणूस म्हणजे खाकी कपड्यांतला पोस्टमन. १ जुलै १८७९ रोजी आपल्याकडे पोस्टकार्ड आले, किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. उघडे कार्ड, ज्याच्या हाती पडेल त्याने वाचावे. युरोपात अशी कार्डे निघाली तेव्हा नोकरचाकर मालकाचा मजकूर वाचतील म्हणून बऱ्याच प्रतिष्ठितांनी नाके मुरडली होती. आपल्याकडे ही तक्रार फारशी टिकणार नव्हती, कारण गिरणीत कामाला गेलेल्या नवऱ्याचे कार्ड कोकणातल्या घरी पोस्टमननेच वाचून दाखवायचे आणि उत्तरही त्यानेच लिहून द्यायचे, अशी रीत. घरची भांडणे, कर्ज, सुनेचे दिवस गेलेले, सगळे त्याला ठाऊक. तरीही लोकांनी आपापले संकेत तयार केलेच. मृत्यूची बातमी असलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, मंगलकार्याच्या पत्राला हळदकुंकवाची बोटे लागलेली. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही पत्र हातात घेताच निम्मी बातमी कळे. आणि पोस्टमन गावातलाच असल्यामुळे त्याला गावाची लाज होती. हा बंदोबस्त कोणत्याही कलमात लिहिलेला नव्हता, पण माझ्या समजुतीप्रमाणे कलमांपेक्षा तो जास्त कामाला आला.

जिथे मधल्या माणसाला अशी लाज नव्हती, तिथे काय होई याचे उदाहरण लंडनचे आहे. इटलीचा देशभक्त मॅझिनी आपल्याला परका नाही. सावरकरांनी त्याचे चरित्र मराठीत आणले ते १९०७ साली, आणि सरकारने ते जप्तही केले. हा मॅझिनी लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहत असताना त्याला संशय आला, की आपली पत्रे टपालखात्यात फोडली जातात. त्याने सोपी युक्ती केली. स्वतःच्याच पत्त्यावर पत्रे टाकली आणि लखोट्यांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, केस घातले. पत्रे आली तेव्हा मोहोर जशीच्या तशी, पण आतली खसखस गायब. १८४४ मध्ये हे प्रकरण पार्लमेंटात गाजले. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांनी पत्रे फोडण्याचे हुकूम दिल्याचे बाहेर आले. लोकांनी लखोट्यांवर ‘हे ग्रॅहमू नये’ अशा अर्थाच्या चिठ्ठ्या डकवून त्यांच्या नावाचे क्रियापदच करून टाकले. चौकशी समित्या बसल्या. टपालखात्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले पत्रे फोडण्याचे गुप्त कार्यालय बंद झाले. मंत्री मात्र खुर्चीवर राहिले, आणि हुकूम काढण्याचा अधिकारही राहिला.

आता इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांची एक अडचण सांगतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे इंग्रजांनी नेमलेले सेन्सॉर वाचत. त्यातले उतारे इंग्रजीत भाषांतर करून ते वरिष्ठांना पाठवीत. शिपायांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी घरी लिहिताना काळी मिरी आणि लाल मिरची यांची भाषा काढली. काळी मिरी म्हणजे हिंदी फौज, लाल मिरची म्हणजे गोरी. काळी मिरी संपत आली आहे असे लिहिले, की घरच्यांनी काय ते समजावे. सेन्सॉरलाही समजत होतेच, त्याने ते नोंदवूनही ठेवले. मूळ पत्रांपैकी बहुतेक आज कुठल्या घरात सापडायची नाहीत, वाळवी आणि पावसाळा त्यांना पुरून उरला. पण सेन्सॉरचे अहवाल लंडनला दप्तरात सुरक्षित राहिले, आणि तो साधा शिपाई गारठ्यात, चिखलात काय विचार करीत होता हे आपल्याला कळते ते केवळ त्यामुळे. पानिपतच्या चिठ्ठीचेही तेच. चोरून वाचणाऱ्यांचे ऋण आम्हा इतिहासवाल्यांवर आहे. ते फेडायचे कसे, मला कळलेले नाही. पण त्या शिपायाला कोणी विचारले असते, की बाबा, तुझे बायकोला लिहिलेले पत्र शंभर वर्षांनी छापू का, तर त्याने काय उत्तर दिले असते, याचा विचार तो उतारा वाचताना मी करतो.

टेलिफोनकडे वळू. जानेवारी १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोन केंद्रे सुरू झाली. इथे मधला माणूस तर कानालाच लावून बसलेला! प्रत्येक जोडणी ऑपरेटरने हाताने द्यायची. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्रोजर नावाचा एक अंत्यविधीचे सामान पुरवणारा होता. ऑपरेटरबाई आपल्याकडे येणारे फोन मुद्दाम दुसऱ्या दुकानदाराला जोडून देतात, असा त्याचा ग्रह झाला होता, अशी कथा सांगतात. ग्रह खरा असो वा खोटा, ऑपरेटरवाचून चालणाऱ्या स्वयंचलित केंद्राचे पेटंट त्याने १८९१ मध्ये मिळवले ही गोष्ट खरी. आपण फोनच्या चकतीत बोट घालून नंबर फिरवू लागलो, त्याच्या मुळाशी मधल्या माणसावरचा हा अविश्वास आहे. आपल्याकडे १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. तोवर, आणि कित्येक गावांत त्यानंतरही खूप वर्षे, ट्रंक कॉल ‘बुक’ करून ताटकळत बसायचे, आणि बोलणे चालू असताना मध्येच ‘तीन मिनिटे झाली’ असा आवाज यायचा. त्या आवाजाचा तेव्हा राग येई. आज वाटते, निदान ऐकणारा आपण आहोत म्हणून सांगत तरी होता.

टेलिफोनवरचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेणारा एक महत्त्वाचा खटला मुंबईचाच आहे. १९६४ मध्ये शस्त्रक्रियेनंतर एक रुग्ण दगावला. चौकशी मुंबईचे कॉरोनर आर. एम. मलकानी यांच्याकडे होती. अनुकूल निष्कर्षासाठी ते पैसे मागतात, अशी तक्रार डॉक्टरांनी लाचलुचपत प्रतिबंधक खात्याकडे केली. मग एका डॉक्टरांच्या संमतीने त्यांच्या टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडून मलकानींशी झालेले बोलणे टेप करण्यात आले. हा पुरावा तार कायद्याचा भंग करून मिळवला आहे, असा मलकानींचा बचाव होता. १९७२ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला : बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती असेल तर भंग होत नाही. त्याच निकालपत्रात, निष्पाप नागरिकाच्या बोलण्यात कोणी बेकायदा ढवळाढवळ केली तर न्यायालये त्याचे रक्षण करतील, असे आश्वासनही होते. लाचखोराला शिक्षा झाली हे चांगलेच झाले. पण निष्पाप कोण हे टेप ऐकल्यावरच ठरणार असेल, तर त्या आश्वासनाचा उपयोग कोणाला, हा प्रश्न उरतोच.

यानंतरच्या काळात ऐकणारे सरकारच असल्याच्या तक्रारी वाढल्या. १९८६ मध्ये पत्रे अडवण्याचे अधिकार नव्याने मांडणारे टपाल दुरुस्ती विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही, नुसते ठेवून दिले. त्याचा कायदा कधीच झाला नाही. १९८८ मध्ये फोन चोरून ऐकल्याच्या आरोपावरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पद सोडावे लागले. १९९१ मध्ये राजकीय नेत्यांच्या फोन टॅपिंगविषयीच्या सीबीआय अहवालाचा मजकूर ‘मेनस्ट्रीम’ साप्ताहिकात छापून आला. त्यानंतर ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली.

१८ डिसेंबर १९९६ चा तो निकाल वाचताना एका वाक्यापाशी मी थबकलो होतो. निरोप गैरमार्गाने अडवले जाऊ नयेत म्हणून घ्यायच्या खबरदारीचे नियम सरकारने करावेत, अशी सोय १८८५ च्या कायद्यातच होती. आणि १११ वर्षांनंतरही ते नियम कोणी केलेलेच नव्हते! इंग्रज सरकारने केले नाहीत हे समजू शकते. स्वतंत्र भारताच्या सरकारांनाही जवळजवळ पन्नास वर्षांत त्याची निकड भासली नाही. शेवटी न्यायालयानेच चौकट घालून दिली. हुकूम गृहसचिवांनीच काढायचा, तो दोन महिन्यांपुरता, वाढवला तरी एकूण सहा महिने, आणि त्यावर फेरतपासणी समिती. हुकूम देणारे सरकारी आणि तपासणारेही सरकारी, ही त्रुटी तेव्हाच लोकांनी दाखवली होती. ती अजून तशीच आहे.

या निकालाच्या आदल्या वर्षी, ३१ जुलै १९९५ रोजी, ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला होता. पुढच्या पंधरा वर्षांत हे यंत्र भाजीवालीच्या पिशवीत जाऊन बसले. आणि मधल्या माणसाचे रूप पार पालटले. आता तो बोलणे ऐकत बसत नाही, त्याला त्याची गरजही नाही. कोणी कोणाला, केव्हा, किती वेळ फोन केला आणि फोन करणारा तेव्हा कोणत्या टॉवरच्या परिसरात होता, याची नोंद आपोआप होते. पूर्वी लखोट्याच्या बाहेरचा पत्ता आणि तारखेचा शिक्का पोस्टमनला दिसे, तसलाच हा बाहेरचा मजकूर. पण एका लखोट्याचा पत्ता निराळा आणि माणसाच्या वर्षभराच्या सगळ्या लखोट्यांचे पत्ते एका जागी निराळे. त्यावरून त्याचा डॉक्टर कळतो, वकील कळतो, रात्री तो कुठे असतो हे कळते. आत काय लिहिले आहे, हे वाचायची गरजच पडत नाही.

आणि ब्लाँ बंधूही परत आले आहेत. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरच्या कार्डव्यवहारांना आणखी एक पडताळणी सक्तीची केली, आणि पाठोपाठ मोबाइलवर येणारा ओटीपी घरोघरी पोहोचला. कल्पना चांगली होती, शाहजोग हुंडीचीच. फरक इतका, की मुनीम माणसाचे तोंड ओळखत असे, यंत्र फक्त नंबर ओळखते. म्हणून चोरांनी बँकेची तिजोरी सोडून नंबराकडे मोर्चा वळवला. दुसऱ्याच्या नावावर डुप्लिकेट सिमकार्ड मिळवायचे, की ओटीपी चोराकडे. तेही नको असेल तर फोन करून गोड बोलून किंवा दटावून विचारायचे. २०२४ मध्ये ‘डिजिटल अटक’ हा शब्द इतका बोकाळला, की पंतप्रधानांना ऑक्टोबरमध्ये ‘मन की बात’ या कार्यक्रमात सांगावे लागले, की कायद्यात असली अटक अस्तित्वातच नाही. फसलेल्यांत निवृत्त अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत. त्यांना मूर्ख ठरवणे मला पटत नाही. खाकी कपड्यांतल्या माणसावर विश्वास ठेवायला शंभर-सव्वाशे वर्षांच्या टपालव्यवहाराने आपल्याला शिकवले आहे. चोर त्याच सवयीचा फायदा घेतो. त्याच्याकडे आपले नाव, पत्ता, आधार क्रमांक आधीच असतो तो कुठून? सिमकार्डाच्या दुकानात, लॉजवर, सोसायटीच्या कचेरीत आपण ओळखपत्रांच्या झेरॉक्स किती सहज देतो, आणि त्यांचे पुढे काय होते हे किती क्वचित विचारतो. जोडावर शिक्का मारणाऱ्या कारकुनाने अशी कोरी प्रत हातची जाऊ दिली नसती. झेरॉक्सवर कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला हे आडवे लिहून सही करणारे काही लोक मी पाहिले आहेत. दुकानदार त्यांच्याकडे विचित्र नजरेने पाहतो. पण ते मोर्तबच आहे.

आधारच्याच वादातून एक मोठी गोष्ट घडली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. १९५४ आणि १९६२ मधल्या ज्या निकालांचा आधार घेऊन सरकार तो नाकारत होते, ते त्या मुद्द्यापुरते रद्द ठरले. पत्रे फोडणाऱ्यांच्या इतक्या लांबलचक इतिहासात हा दिवस मला खरोखर वेगळा वाटतो.

तारेचा शेवट याआधीच झाला होता. १४ जुलै २०१३ हा तिचा अखेरचा दिवस. आयुष्यात कधी तार न केलेले लोकही त्या दिवशी तारघरापुढे रांगा लावून उभे होते. १८८५ च्या कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केला, आणि त्याच महिन्यात नवा टपाल कायदाही. दूरसंचार कायद्याचे विसावे कलम उघडून पाहावे. त्यात आपत्ती व्यवस्थापनाची भर पडली आहे. बाकी ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे शब्द तिथे आहेत. आणीबाणी कोणती, याचा खुलासा तिथेही नाही.